आठ मिनिटांचा आवाज

मास्तरांनी आयुष्यात कधी गळा काढला नव्हता. तो डॉक्टरांनी काढला, एकदाच, नऊ वर्षांपूर्वी. हा विनोद मास्तरांचा स्वतःचा. गाडी शिकायला नवीन माणूस आला, की त्याच्या चेहऱ्यावरची घाबरगुंडी ओळखून ते आधी हा विनोद सांगत आणि मग गाडी सुरू करायला लावत.

घाबरण्यासारखं होतंच. कॅन्सरमुळे मास्तरांचं स्वरयंत्र काढून टाकलेलं. श्वास मानेच्या खाली पाडलेल्या भोकातून चाले, त्यावर पातळ कापडाचा पडदा. बोलायचं झालं की ते खिशातून छोट्या टॉर्चएवढं यंत्र काढत, हनुवटीखाली टेकवत आणि बटण दाबत. यंत्र भुंग्यासारखं गुणगुणे, मास्तर ओठ-जीभ हलवत आणि त्या गुणगुणीचे शब्द होत. चढ नाही, उतार नाही, एकाच पट्टीतला सपाट आवाज. "क्लच सोडा. हळू. हळू म्हणजे हळू." पहिल्या दिवशी शिकाऊ लोक दचकत, तिसऱ्या दिवशी त्यांना सवय होई. मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि हातात हे यंत्र. या दोन गोष्टींच्या जोरावर त्यांनी निम्म्या शहराला गाडी शिकवली होती.

घरी त्या आवाजाची गरज वेगळीच होती. मास्तरीणबाईंची नजर काचबिंदूने गेली त्याला पाच वर्षं झाली. उजेड कुठे आहे एवढं कळे, बाकी काही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या भिंतीला हात लावत सगळं करत. संध्याकाळी मास्तर आले, की खुर्ची ओढून बसत आणि दिवसभराचा सिनेमा सांगत. कोण दुभाजकावर चढला, कोणी वायपर लावून वळण घेतलं, समोरच्या गच्चीवर कुणाच्या चादरी वाळत आहेत आणि त्या किती विटल्या आहेत. बाई खो खो हसत. त्यांच्यासाठी जग म्हणजे ती सपाट गुणगुण होती.

यंत्राबरोबर दोन बॅटऱ्या आल्या होत्या. अंगठ्याएवढी लांबी, एका बाजूने चपटी, टोकाला तीन पितळी ठिपके. पहिली दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, दुसरी होतीच की. ती दुसरी आधी दिवसभर चाले, मग दुपारपर्यंत चालू लागली, मग तासभर. आणि एक दिवस मास्तरांनी घड्याळ लावून पाहिलं, तर चार तास चार्ज करून आठ मिनिटं. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या.

तरी चार दिवस त्यांनी रेटलं. पाचव्या दिवशी पन्नाशीच्या एक नर्सबाई गाडी चालवत होत्या. चौकात सिग्नल पिवळा झाला. मास्तर "थांबा" म्हणायला गेले आणि यंत्राने मान टाकली. नुसतेच ओठ हलले. बाईंनी गाडी पुढे काढली, समोरून पाण्याचा टँकर. मास्तरांनी पायाखालचा ब्रेक एवढ्या जोरात दाबला, की नर्सबाईंचं कपाळ स्टिअरिंगवर आदळलं. टँकर वीतभर अंतरावरून गेला. नर्सबाई रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "मास्तर, काहीतरी बोलायचं तरी होतं!"

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक भला माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही, पण गाडीची किल्ली काढून घेतली. "बॅटरी मिळेपर्यंत ऑफिसात बसा, मास्तर. फॉर्म भरा लोकांचे. उद्या काही झालं, तर तुम्हालाही झोप लागायची नाही आणि मलाही."

मास्तर बॅटरीच्या शोधात निघाले. त्यांना वाटलं होतं, बॅटरीच ती, कुठेही मिळेल. मोबाइल दुरुस्तीची अख्खी गल्ली त्यांनी पालथी घातली. गंमत म्हणजे जिथे जावं तिथे ओळख निघे. "अहो, तुम्हीच शिकवली ना मला गाडी!" म्हणत दुकानदार स्टूल पुढे करी, बॅटरी उलटसुलट करून बघे आणि परत देई. "हा प्रकार आता येत नाही, मास्तर." दुसरा म्हणे, "व्होल्टेज बसवून देतो, पण हा तिसरा ठिपका आहे ना, त्यातून यंत्र बॅटरीची ओळख विचारतं. ओळख पटली नाही, तर ते सुरूच होत नाही." तिसरा नुसतीच मान हलवी. सगळीकडे नन्नाचा पाढा. कॅमेरेवाले झाले, कानाची यंत्रं विकणारे झाले, घड्याळवालेही झाले.

यंत्र विकणारी एजन्सी कधीच बंद पडली होती, तिच्या जागी आता चष्म्याचं दुकान होतं. कंपनीला पत्र पाठवलं, तर अकरा दिवसांनी उत्तर आलं. हे मॉडेल बंद झालं आहे, त्याचे सुटे भाग उपलब्ध नाहीत, आमच्यावरील विश्वासाबद्दल आभार. नवीन यंत्रासाठी हॉस्पिटलने नाव यादीत घातलं. "सहा महिने धरून चाला," तिथल्या बाई म्हणाल्या. "जास्तही लागतील." घशात झडप बसवून बोलता येतं म्हणतात, पण किरणांच्या उपचारांनी मास्तरांच्या घशाची आतली कातडी इतकी आक्रसलेली, की डॉक्टरांनी तो विषयच काढू दिला नाही.

ऑनलाइन शोधलं, तर अगदी तशीच बॅटरी फोटोत दिसली. मागवली. आठ दिवसांनी निरोप आला, सुटी लिथियम बॅटरी विमानाने नेत नाहीत, पार्सल परत. दुसऱ्या विक्रेत्याने रस्त्याने पाठवली. ती आली, लेबल तेच, ठिपके तेच. चार्जरला लावली, तर लाल दिवा लुकलुकत राहिला. गोदामात वर्षानुवर्षं पडून ती आतल्या आत मेली होती. तिसरी चार्जरवरच फुगायला लागली. गरम प्लास्टिकचा वास आला म्हणून बाई ओरडल्या. मास्तरांनी ती चिमट्याने उचलून कुंडीतल्या मातीत खुपसली आणि खिडकीशी उभे राहून किती तरी वेळ कुंडीकडेच बघत राहिले.

आठ मिनिटं पुरवायची कशी? सकाळी दोन, संध्याकाळी सहा. सकाळच्या दोन मिनिटांत औषधं, दूध, दाराची कडी. संध्याकाळी सहा मिनिटं बाईंची. ऑफिसात मास्तर मुकेच. पण सहा मिनिटांत काय सांगणार? काय सांगावं हे ठरवण्यातच मास्तर दिवस घालवू लागले. वाक्यं मनात कातरून कातरून लहान करत. आणि बोलायला बसले, की बाईच हात पुढे करून यंत्र खाली ओढत. "पुरे. उद्याला राहू दे थोडं." उद्याला काही राहत नसे, चार्जिंग उरत नसे, हे माहीत असूनही म्हणत.

मालकांच्या मुलीने मास्तरांच्या फोनवर एक सोय करून दिली. आपण टाइप करायचं, फोन वाचून दाखवतो. मास्तरांची बोटं जाड. एका वाक्याला तीन चुका. शेवटी एक वाक्य जमलं आणि फोनमधून तरुण बाईचा लाडिक आवाज आला, "तुझी गोळी घेतलीस का?" मास्तरीणबाई आधी हसल्या. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या बाईला बंद करा. माझ्या घरात दुसरीच कुणी बोलते आणि तुम्ही कुठे आहात तेच मला कळत नाही." तळहातावर बोटाने अक्षरं काढून पाहिली. काना, मात्रा, वेलांटी यांचा गुंता झाला. एका वाक्याला पाव तास लागला आणि बाईंनी चिडून हात काढून घेतला. मग राहिलं एवढंच, की त्या मास्तरांच्या गालावर हात ठेवत आणि मान उभी हलते की आडवी ते चाचपत. होय आणि नाही. "नुसत्या होय-नाहीवर संसार होतो का हो?" त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान आडवी हलवली.

हॉस्पिटलातल्या बाईंनीच एक पत्ता दिला. एक ग्रंथपाल होते, त्यांचं यंत्र याच मॉडेलचं. वर्षापूर्वी ते गेले. "त्यांच्या घरी यंत्र असेल अजून. विचारून पाहा."

मास्तर रविवारी सकाळी गेले. त्या दिवशी घरी एक शब्द बोलले नव्हते, आठच्या आठ मिनिटं खिशात होती. दार ग्रंथपालांच्या पत्नीने उघडलं. सत्तरीच्या, बारीक, हातात पेन्सिल. मास्तरांनी यंत्र हनुवटीला लावलं आणि घोकून आणलेलं वाक्य म्हणाले, "माफ करा, हॉस्पिटलमधून पत्ता मिळाला."

त्या जागच्या जागी थिजल्या. मग दाराची चौकट धरून हळूच खाली बसल्या.

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग लख्खकन कळलं. यंत्राला एकच आवाज असतो. तो त्या बाईंच्या नवऱ्याचा आवाज होता.

"आत या," त्या म्हणाल्या. "बोला. काहीही बोला."

मास्तरांनी कामाचं सांगितलं. बॅटरी, गाडी, घरी डोळे गेलेली बायको. त्या ऐकत होत्या, पण शब्द ऐकत नव्हत्या. डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होत्या. मास्तरांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. चार मिनिटं गेली. पाच गेली.

"एक मागू?" त्या म्हणाल्या. "नाही म्हणालात तरी यंत्र देणारच आहे तुम्हाला. ते सकाळी पेपर वाचून झाला, की मला म्हणायचे, 'घे, आता तुझं शब्दकोडं.' तेवढं म्हणाल?"

मास्तरांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. पण त्यांनी बटण दाबलं. "घे, आता तुझं शब्दकोडं."

"आणखी एकदा."

आणखी एकदा म्हणताना 'कोडं'वरच यंत्र बंद पडलं. त्या दिवशी बायकोसाठी काही उरलं नाही.

ग्रंथपालांच्या पत्नीने कपाट उघडून मखमली पिशवी आणून दिली. आत यंत्र होतं, पुसून ठेवलेलं. मास्तरांनी खालचं झाकण सरकवलं, ते सरकेना. जोर लावल्यावर फट पडली आणि आतली बॅटरी दिसली. वर्षभर विनाचार्ज पडून फुगली होती, पाव भिजवावा तशी. त्या मास्तरांच्या तोंडाकडे बघत होत्या. मास्तरांनी दोन्ही हात जोडले. पिशवी घेऊन ते जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. रडायलाही गळा लागतो. मानेच्या भोकातून नुसती हवा फसफसत होती.

ती फुगलेली बॅटरी घेऊन ते चार ठिकाणी फिरले. कुणी हात लावेना. शेवटी एकाने सांगितलं, जुन्या बसडेपोच्या मागे एक बाई सायकलींच्या मोटारीसाठी बॅटऱ्या बांधते, तिला विचारा.

सेलवाली पस्तिशीची असावी. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाक, त्यावर रांगेने हिरवे-निळे सेल आणि कोपऱ्यात रेतीची बादली. तिने मास्तरांनी कागदावर लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं. मग मास्तरांची चालू बॅटरी कानाजवळ नेऊन हलवली, भिंग लावून ठिपके पाहिले.

"काका, हिच्या आत दोन गोष्टी आहेत. एक सेल, तो म्हातारा झालाय. आणि एक नखाएवढी पट्टी, ती यंत्राला ओळख देते. सेल मी नवा घालू शकते. पण जुना सेल कापताना पट्टीची वीज क्षणभर जरी तुटली, तरी पट्टीला कायमचं कुलूप लागतं. मग ही आठ मिनिटंही गेली. मी खोटं नाही सांगणार. अशी पट्टी मी आजवर उघडलेली नाही."

मास्तरांनी कागदावर लिहिलं, 'विचार करून सांगतो.'

विचार काय करणार होते? आठ मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं लोकांना वाटे. पण शून्य मिनिटं कशी असतात, हे मास्तरांना माहीत होतं. ऑपरेशननंतर यंत्र येईपर्यंतचे ते तीन महिने त्यांना आठवत होते. तेव्हा निदान बायकोला डोळे होते, पाटीवर लिहिलेलं वाचत होती. ते परत आले आणि बाईंना काहीच सांगितलं नाही. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी मास्तरांनी अंघोळीचं पाणी तापवून पातेलं ओट्यावर उतरवलं, रोजच्या जागी नाही, जरा अलीकडे, आणि बादली आणायला वळले. मागे बघतात, तर बाई भिंतीला हात लावत ओट्याशी आलेल्या, हात थेट पातेल्याच्या दिशेने. यंत्र आतल्या खोलीत चार्जरवर. मास्तरांनी जोरात टाळी वाजवली. एवढंच सुचलं. बाई दचकून टाळीच्या दिशेला वळल्या, तोल गेला आणि सावरायला टेकलेला उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

ती किंकाळी सगळ्या मजल्यांना ऐकू गेली. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं, त्यातून काहीच आलं नाही. हात नळाखाली धरताना बाई म्हणत होत्या, "काय झालं? तुम्हाला काय झालं? टाळी का वाजवलीत? पडलात का?" हात भाजलाय स्वतःचा आणि विचारतायत नवऱ्याला. आणि नवरा त्यांचा दुसरा हात आपल्या गालावर धरून मान आडवी हलवतोय, हलवतोय.

भाजलेल्या हाताला मलमपट्टी करून आणल्यावर, बाईंना शेजारणीजवळ बसवून मास्तर तडक सेलवालीकडे गेले. बॅटरी बाकावर ठेवली आणि नुसती हाताने खूण केली, काप.

तिने आधी ग्रंथपालांची फुगलेली बॅटरी घेतली. चष्मा, हातमोजे, बादली जवळ ओढलेली. टरफल उघडून फुगलेला सेल रेतीत टाकला आणि पट्टी भिंगाखाली धरली. "ही मेलेली आहे. पण कुठली तार कुठे जाते, ते हिने दाखवलं," ती म्हणाली. मग मास्तरांची बॅटरी. पट्टीच्या दोन्ही टोकांना तिने केसांएवढ्या तारा डकवल्या आणि बाहेरून वीज चालू ठेवली. "आता जुना सेल कापला, तरी पट्टीला कळता कामा नये." तिने मास्तरांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत. श्वास आवरून उभे राहिले, पण भोकाचा श्वास आवरत नाही, कापडाचा पडदा फडफडत राहिला.

जुना सेल निघाला. नवा जागेवर बसेना, बोटभर मोठा. तिने तो बाहेरच ठेवला, पट्टीपासून वीतभर तार काढली आणि सेलला चिकटपट्टीचे चार वेढे दिले. पट्टी यंत्रात सरकवली. मास्तरांनी बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. काहीच नाही. मास्तर स्टुलावर बसले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की आता घरी जाऊन हे सांगायचं कसं, आणि सांगायला तर आवाजच नाही.

सेलवाली पुढे झाली. तिने यंत्र त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं, पट्टी बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. तिसऱ्या ठिपक्यावर डिंकाचा थेंब वाळला होता, मोहरीएवढा. तिने चिमट्याच्या टोकाने तो खरवडला, स्पिरिटने पुसला, पट्टी परत घातली आणि बटण स्वतःच दाबलं.

भुंगा गुणगुणला.

मास्तरांनी ते हनुवटीला लावलं. सवयीनेच म्हणाले, "क्लच सोडा." सेलवाली हसली आणि हातमोज्याच्या पाठीने डोळे पुसले.

"दिवसभर चालेल," ती म्हणाली. "सेल वर्षाने थकेल, तेव्हा दुसरा बांधून देईन. पण पट्टी ही एवढीच, काका. ती गेली, की माझ्या हातात काही नाही."

घरी आले, तेव्हा गळ्यात दोरीने अडकवलेली कापडी पिशवी, पिशवीत सेल, तिच्यातून तार वर हनुवटीपर्यंत. शेजारीण बघतच राहिली. मास्तर म्हणाले, "अगं, मी आलो."

"हळू," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वाया नका घालवू. किती उरलीत?"

"दिवसभराची."

शेजारीण चप्पल घालून निघून गेली, दार लागलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "मग आधी हे सांगा, पातेलं अलीकडे का ठेवलंत?"

"चुकलो," मास्तर एवढंच म्हणाले. मग त्या रडल्या, मग भांडल्या. पाच आठवड्यांचं सगळं काढलं, फोनमधली बाई काढली, मातीत खुपसलेली बॅटरी काढली, रविवारी एक शब्दही न बोलता घरी येऊन पालथे पडला होतात, ते का, तेही काढलं. मास्तरांनी त्या रविवारचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे परत कधी जाताय बोलायला?" मास्तर पुढच्या रविवारी गेले आणि तासभर बोलले.

गाडीची किल्ली मालकांनी परत दिली. गळ्यातली तार बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दिली. हॉस्पिटलच्या यादीत मास्तरांचं नाव आठ महिन्यांनीही जिथल्या तिथेच आहे. परवा दुपारी यंत्र दोनदा अडखळलं. सेलवालीने तपासलं आणि सेल चांगला आहे म्हणाली. सेल चांगला आहे, याचा अर्थ पट्टी जायला लागली, हे मास्तरांना कळलं.

त्यांनी बाईंपासून ते लपवलं नाही. तेव्हापासून रोज चहानंतर अर्धा तास दोघं समोरासमोर बसतात. मास्तर एका हाताने यंत्र धरून अक्षर मोठ्याने म्हणतात आणि दुसऱ्या हाताने तेच बाईंच्या डाव्या तळहातावर काढतात. वेलांटी अंगठ्याखाली, मात्रा करंगळीखाली, असं ठरवून घेतलंय. आवाज आहे तोवर शिकून घ्यायचं. काल मास्तरांनी यंत्र बाजूला ठेवून पहिल्यांदा अख्खा शब्द नुसता काढला. बाईंनी तो तीन वेळा काढायला लावला, तोंडातल्या तोंडात जुळवला आणि म्हणाल्या, "पाणी."

"पातेलं," मास्तर यंत्र उचलून म्हणाले. "पा बरोबर आहे. परत बघ."

बाईंनी हात पुसला आणि पुन्हा पुढे केला.